ओढ्याकाठची रानलवंग

मी लहान असतानाच मला शिकायला मकास्सरला मावशीकडे धाडलं. शिकून मी झाडांची कुळं लावायला लागले, म्हणजे कोण कोणाचं भाऊबंद ते. या वर्षी लवंगा खुडायच्या दिवसांत तेर्नाते बेटावर घरी आले. आमच्याकडे मूल जन्मलं की त्याच्या नावानं लवंग लावतात. झाड हिरवं, तोवर माणूस धड. आल्या आल्या मी टोपली घेऊन घरामागच्या झाडाकडे निघाले.

शिडीवर माझा धाकटा भाऊ मुख्लिस आधीच चढला होता.

"उतर खाली. माझं झाड आहे ते."

"घ्या! झाडांवर एवढं शिकली आणि स्वतःचं झाड ओळखेना," तो हसला. "आई, दाखव गं हिला."

आईनं ओढ्याकडे बोट केलं. "तुझं ते, साफिया. हे पहिल्यापासून त्याचं. लहान होतीस, विसरलीस."

असेल बाई, म्हटलं. गेले. पानं चांगली तळहाताएवढी. एक चुरगाळून नाकाशी धरलं. काही नाही. कळी चावली, नुसती तुरट. ही तर रानलवंग! जांभळाच्याच कुळातली, आपल्या लवंगेची सख्खी, पण वासाच्या नावानं शून्य. पाखरांनी टाकलेल्या बियांतून उगवते. पोराच्या नावानं ती आमच्यात कोणी लावत नाही. माझ्या अंगाची लाही झाली. हे दोघं मला तोंडावर बनवत होते.

आई अंगणात चटईवर कळ्या पसरत होती.

"माझं झाड कुठंय? खरं सांग."

तिनं बरेच आढेवेढे घेतले. "मुख्लिसचं झाड वाळलं, पोरी. तेव्हाच त्याला ताप भरला, उतरेचना. मग तुझं त्याच्या नावावर केलं. दुवा पढून घेतली. उठून बसला तो."

"आणि वाळलेलं?"

"अदलाबदलच होते ती... ते तुझ्या नावावर गेलं."

झाड वाळलं म्हणून माणूस मरत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. पण आईचा त्यावर पुरता विश्वास. तो विश्वास मनात धरूनच तिनं हे केलं होतं.

"मग माझं काय होईल, हे मनात आलं नाही तुझ्या?"

"आलं ना," आई म्हणाली. "पण तू लांब होतीस. तो माझ्या मांडीवर होता."