जुन्या साहेबांची फेरी

राजवाडा बघायच्या तीन वाटा होत्या. छोटी, मोठी, आणि तिसरी, जिला गाइड मंडळी आपसांत 'गुडघेमोड' म्हणायची. आता चौथी ठरवायची होती. पूर्वेकडचा भाग छत खचल्यामुळे एकवीस वर्षं कुलूपबंद होता, तो दुरुस्त होऊन यंदा उघडणार होता. संचालकबाईंनी सगळ्या गाइडना खोलीत बोलावलं, टेबलावर नकाशा पसरला आणि तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले.

"उद्घाटनाला आपले जुने अधीक्षक येतायत," त्या म्हणाल्या. "पूर्वेच्या भागाची त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नाही. ते पुढे चालतील, आठवणी सांगतील, आपण मागे. त्यांना शोभेल अशी वाट सुचवा."

त्यांच्याइतकी माहिती! टेबलाच्या टोकाला बसलेल्या गाइडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षांत एकदाही वळण चुकली नाही म्हणून सगळे तिला होकायंत्र म्हणत. तिनं चेहरा मात्र असा कोरा ठेवला की शेजारणीनं कोपरानं ढोसलं, "काय गं, डोळा लागला की काय?"

डोळा लागला! नेमकं हेच म्हणायचं सुचलं त्या बयेला.

कारण होकायंत्राचे वडील याच राजवाड्यात रखवालदार होते. पूर्वेच्या लांब सज्ज्यात एका लाकडी स्टुलावर त्यांनी तीस वर्षं काढली. एका दुपारी सज्ज्यातल्या कपाटातून हस्तिदंती डबी गेली. आता नियम असा होता की अधीक्षकांनी रोज दुपारी सगळ्या दालनांतून फेरी मारायची आणि वहीत सही करायची. साहेब सही तेवढी करायचे, फेरी कुठली मारतायत? ऑफिसातल्या पंख्याखाली पाय पसरून बसायचे. डबी गेली तसं साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आपण कुठं होतो हे उद्या कुणी विचारलं तर? मग त्यांनी बैठक मारली आणि जबाब लिहिला: 'रोजच्याप्रमाणे फेरी मारताना मी आरसेमहालातून दार ढकलून लांब सज्ज्यात आलो, तेव्हा रखवालदार स्टुलावर झोपलेला होता व कपाट उघडे होते.'

हे वाक्य होकायंत्राला एकोणिसाव्या वर्षापासून तोंडपाठ होतं. नोकरीवरून काढल्याच्या पत्राला त्याची नक्कल जोडलेली होती, आणि आईनं तो कागद पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता.

चौकशी झाली ती ऑफिसात. वडील एवढंच म्हणत राहिले, "साहेब, त्या बाजूनं कोणी येत नाही. येताच येत नाही." समितीच्या प्रमुखानं नकाशावर बोट ठेवलं. "हे काय मग? दार आहे की!" नकाशावर दार म्हणजे भिंतीतली एक फट. ते कुठल्या बाजूला उघडतं, त्याला मूठ कुठून आहे, हे नकाशा सांगत नाही. वडिलांनी सांगून पाहिलं. एक पठ्ठ्या खुर्चीतून उठून बघायला गेला असता तर शपथ! बाकीच्या नोकरमाणसांना दार ठाऊक नव्हतं असं नाही, पण सगळ्यांनी अळीमिळी गुपचिळी धरली. नोकरी कुणाला नको असते? झोपेचं सोंग घेऊन डबी रखवालदारानंच लांबवली, असं ठरलं. पुढच्या महिन्यात छत खचलं आणि पूर्वेला कुलूप लागलं.

आठ दिवसांत राहती खोली रिकामी करावी लागली. नव्या गल्लीतही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. 'चोराचं घर' म्हणूनच पत्ता सांगायचे लोक. वडील पुढं तीनच वर्षं जगले. शेवटी शेवटी जेवताना घास हातात धरून 'त्या बाजूनं कोणी येत नाही' एवढंच म्हणायचे, समोर कोणी असो नसो.

लेक लग्नानंतर सासरच्या आडनावानं इथं गाइड म्हणून लागली ती त्या दारासाठी. दहा वर्षं तिनं वाट पाहिली. आठ महिन्यांपूर्वी दुरुस्तीला आलेल्या सुतारमामांच्या मागोमाग ती पूर्वेच्या भागात शिरली आणि तिनं ते दार पाहिलं. सज्ज्याच्या बाजूनं साधं लाकडी दार, त्याला पितळी मूठ. आरसेमहालाच्या बाजूनं मात्र नुसता आरसा, वरपासून खालपर्यंत, शेजारच्या आरशांसारखाच. मूठ नाही, कडी नाही, बोट घालायला खाच नाही. आणि उघडायचं ते आरसेमहालाच्या बाजूला. महालातल्या पाहुण्यांनी खाजगी भागात घुसू नये म्हणून राजवाडा बांधणाऱ्यांनीच तसं केलेलं. होकायंत्र त्या दिवशी तिथंच फरशीवर बसून ओक्साबोक्शी रडली. सुतारमामांनी पाण्याची बाटली पुढं केली.

तर, आता नकाशावर सगळ्यांची भांडणं चालली होती. कुणाला बागेतून जायचं होतं, कुणाला जिने टाळायचे होते. होकायंत्रानं पेन्सिल उचलली.

"दरबारातून आरसेमहाल, आरसेमहालातून लांब सज्जा," ती म्हणाली.

"उलटं का गं?" संचालकबाईंनी विचारलं. "त्या बाजूनं ते दार उघडत नाही ना?"

"पलीकडे माझं माणूस ठेवते. मी टकटक केली की उघडेल. साहेब याच वाटेनं रोज फेरी मारायचे, बाई. तसं त्यांनी लिहूनच ठेवलंय."

"अगंबाई, हो का? मग हीच वाट!" संचालकबाई खूश झाल्या.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी दहाला तीसेक माणसं जमली. जुने विश्वस्त, कर्मचारी, सुतारमामा, वर्तमानपत्रांचे दोघं. जुने साहेब आले ते कडक इस्त्रीत, हातात चांदीच्या मुठीची काठी. होकायंत्राकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. गाइडनं सगळ्यात मागं राहायचं आणि प्रत्येक दार आपल्या हातानं लावून घ्यायचं, असा तिथला नियम. ती मागं राहिली.

साहेब काय बोलले, काय बोलले! छताचं नक्षीकाम आपणच वाचवलं, झुंबरं आपणच पुसून घेतली. राजवाडा यांच्याच खांद्यावर उभा होता म्हणायचा. दरबारात ते थांबले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "ऊन असो, थंडी असो, दुपारची फेरी मी चुकवली नाही."

"एकही दिवस नाही, साहेब?" मागून होकायंत्रानं विचारलं.

"एकही नाही!"

"वा," ती म्हणाली. वर्तमानपत्रवाल्यानं ते लिहून घेतलं.

मग आरसेमहाल. चारी भिंतींना माणसाच्या दुप्पट उंचीचे आरसे. साहेब शेवटच्या भिंतीपाशी आले आणि थांबले. समोर सात आरसे, सातांतही साहेब.

"आता लांब सज्जा," संचालकबाई म्हणाल्या. "तुमची नेहमीची वाट. चला, तुम्हीच दाखवा."

"हो, हो, चला की." साहेबांनी मधल्या आरशाला हात लावून ढकललं. काही हललं नाही. मग त्याच्या उजवीकडचा ढकलला. मग त्याच्याही पलीकडचा. मागं कुणीतरी फिस्कन हसलं. होकायंत्राला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि त्याची तिला तसूभर लाज वाटत नव्हती.

"दार बुजवलंत वाटतं दुरुस्तीत," साहेब म्हणाले.

"छे हो," सुतारमामा म्हणाले. "खिळासुद्धा बदललेला नाही. तुमच्या डाव्या हाताचा शेवटचा आरसा."

साहेबांनी तो जोर लावून ढकलला.

"ढकलून नाही उघडत. इकडे ओढावं लागतं."

"मग मूठ कुठाय?" साहेब खेकसले.

होकायंत्र माणसांतून वाट काढत पुढं आली. ठणठणीत आवाजात म्हणाली, "मूठ नाही, साहेब. कधीच नव्हती. 'रोजच्याप्रमाणे फेरी मारताना मी आरसेमहालातून दार ढकलून लांब सज्ज्यात आलो, तेव्हा रखवालदार स्टुलावर झोपलेला होता व कपाट उघडे होते.' खाली तुमची सही आहे."

"हे काय आहे?" संचालकबाईंनी विचारलं.

"यांचा जबाब, बाई. यावरून एका माणसाला चोर ठरवून हाकललं होतं."

"तू... तू कोण?" साहेबांचं ततपप झालं.

"त्या स्टुलावरच्या माणसाची मुलगी."

साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जिकडे पाहावं तिकडे स्वतःचंच तोंड आणि मागं तीस माणसांचे डोळे. संचालकबाईंनी दाराकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "साहेब, त्या दुपारी तुम्ही कुठं होतात?"

"इतकी वर्षं झाली..."

"कुठं होतात?"

"ऑफिसात," साहेब पुटपुटले. "जेवण झालं होतं. जरा डोळा लागला होता."

"मोठ्यानं बोला हो," वर्तमानपत्रवाला म्हणाला.

साहेबांना पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं.

होकायंत्रानं आरशावर तीनदा टकटक केली. आरसा सावकाश महालात उघडला. पलीकडे तिची आई उभी होती, घडी मोडलेल्या नव्या कपड्यांत, पितळी मुठीवर घट्ट हात धरून. तिच्यामागं भिंतीशी ते लाकडी स्टूल होतं. सकाळपासून ती त्यावर बसली नव्हती. जाड दारातून तिला काही ऐकू आलं नव्हतं, म्हणून तिनं लेकीकडे पाहून एवढंच विचारलं, "बोलला का?"

"बोलला, आई. दोनदा."

म्हातारीचा चेहरा हलला नाही. डोळे तेवढे भरून आले. ती बाजूला झाली. "या, सगळे या आत."

माणसं एकेक करून सज्ज्यात गेली. संचालकबाईंनी जाता जाता म्हातारीचा हात धरला. सुतारमामांनी स्टुलाला हात लावून पाहिला. साहेब मागं राहिले होते, काठी हातातून पडली होती ती वाकून उचलत होते. होकायंत्र आत गेली, मूठ धरली आणि नियमाप्रमाणे दार आपल्या हातानं लावून घेतलं. आता साहेबांना बाहेर पडायचं तर आल्या वाटेनं एकट्यानं आख्खी फेरी पायी मारायची होती, जन्मात पहिल्यांदाच.

थोड्या वेळानं पलीकडून कुणीतरी आरशावर काठीनं ठोकलं. संचालकबाईंनी दाराकडे पाठ फिरवली.

"कोण आहे गं?" आईनं विचारलं.

"कोणी नाही, आई," ती म्हणाली. "त्या बाजूनं कोणी येत नाही."