घरचीच पोर

पुण्याची समिती ज्येष्ठात येणार असा फोन आला, तेव्हा फिरके सर खुर्चीतून उठून उभे राहिले. फोन ठेवल्यावरही काही वेळ ते तसेच उभे होते.

"बाई, येताहेत," ते म्हणाले. "आपलं केंद्र आता कोणी हलवू शकत नाही."

कुंदा वाणी समोरच्या टेबलाशी बसली होती. सोमवार होता, तिच्यापुढे उपवासाच्या दाण्यांची पुडी तशीच उघडी राहिली. ती केंद्राची उपप्रमुख आणि जीवराम फिरके प्रमुख. जळगावच्या त्या व्यवस्थापन महाविद्यालयात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि बाहेर पाटी : संगणक-व्यवहार संशोधन केंद्र. पाटी वाचून लोक विचारायचे, हे नक्की काय असतं? सर जिन्यातच उभे राहून समजावायचे. पुढे दुकान, बाजार, बँक सगळं फोनच्या तारेवरून चालेल. तेव्हा आपल्या खेड्यातला माणूस त्या तारेच्या कुठल्या टोकाला असेल, ते आम्ही शोधतो. ऐकणारा मान डोलवायचा आणि जिना उतरताना हसायचा.

सरांनी या केंद्रासाठी विभागप्रमुखपद सोडलं होतं. संस्थेचे अध्यक्ष रुपचंदशेठ त्यांना दर बैठकीत चिमटा काढत, "काय सर, डब्बा बोलायला लागला का?" समितीने पुढच्या टप्प्याला मान्यता दिली नाही, तर त्या खोल्यांत टायपिंगचे वर्ग भरणार, हे शेठजींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

पण यंदा डब्बा खरोखरच बोलला होता.

दोन गावांत फोनच्या तारेला जोडून दोन यंत्रं बसवली होती. एक पाचोऱ्याकडच्या लोणपिंप्रीत, वना आबांच्या ओसरीवर. दुसरं शिरपूरकडच्या करंजखेड्यात, सोसायटीच्या खोलीत. मराठी अक्षरं उमटत, आणि एका गावी लिहिलेलं दुसऱ्या गावी दिसे. सुरुवात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला केली. त्या दिवशी पंचांग उघडावं लागत नाही, त्यामुळे दुसरा दिवस कुणाच्या मनातही आला नाही.

पहिल्याच दिवसापासून ओसरीवर पोरींची गर्दी. कुंदाने त्यांना अक्षरं शिकवली. आंब्याच्या रसाने चिकट झालेली बोटं पदराला पुसून त्या एकेक कळ दाबायच्या. शिरपूरला बांगड्या काय भावाने, पाचोऱ्याला लुगडी कशी, असं विचारणं सुरू झालं. मग एसटीच्या कंडक्टरजवळ पुडकी पाठवणं सुरू झालं. सर ते पाहून हरखले. हा तर व्यापारच होता, आणि तो बायका करत होत्या. दोघांनी मिळून अहवाल लिहिला : घरोघरी वापर, त्यात स्त्रिया जास्त. तो वाचूनच समिती येत होती.

समितीच्या आधी एकदा पाहून यावं म्हणून कुंदा लोणपिंप्रीला गेली. ओसरीवर यंत्रावर फुलाफुलांचं फडकं घातलेलं होतं. आखाजीचे झोपाळे उतरवले होते, निंबाच्या फांदीवर दोरीचे वळ तेवढे राहिले होते.

"आबा, बंद पडलं का?"

"बंद कसाले पडी? चांगलं शे." वना आबांनी तिला पाणी दिलं. "आखाजी सरनी, पोरी सासरले गयात. आते ह्या डब्बाजवळ कोन बसी?"

कुंदाच्या हातात तांब्या तसाच राहिला. "पण आबा, मी घरोघर विचारलं होतं. वापरणारी व्यक्ती घरची आहे का, म्हणून. सगळ्यांनी हो सांगितलं."

"मंग?" आबांना प्रश्नच कळला नाही. "मन्ही पोर घरनी नही काय?"

घरची आहे का, हा प्रश्न कुंदानेच तयार केला होता. या मुलखात वाढलेल्या बाईने आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला पाहुणी कसं म्हणावं? तिला ते सुचलंच नव्हतं. सरांनाही नाही. बाहेरचा कुणी असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, या सगळ्या कुठून आल्या?

सरांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अहवाल खोटा नाही, बाई."

"खोटा नाही, सर. पण तो आखाजीचा आहे. आपण समितीला तसंच सांगू या."

"सांगितलं की टायपिंगचे वर्ग." ते खिडकीपाशी गेले. "आज आपण बंद केलं, तर पुढे कधीतरी कोणी दुसरा येऊन हेच करील. त्या वेळी आपल्या गावांना विचारणार नाही. मुलींना एका दिवसासाठी बोलावून घेऊ. त्या आल्या नव्हत्या का? ते खरंच होतं ना?"

कुंदाने पोरींच्या नावांची यादी काढून टेबलावर ठेवली. नाही म्हणायला हवं होतं, हे तिला तिथे उभं असतानाच कळत होतं.

पेरणी तोंडावर होती. कुठल्या सासरची माणसं अशा दिवसांत सून पाठवतील? लोणपिंप्रीच्या पोरींपैकी एकच कबूल झाली, आबांची झुंबर. तीही एका अटीवर. तिची मावसबहीण मंजुळा करंजखेड्याची. दोघी लहानपणी एका ताटात जेवल्या होत्या. लग्नं झाल्यापासून भेट नव्हती, कारण आखाजीला जी ती आपापल्या माहेरी. यंदा त्या यंत्रावर भेटल्या होत्या. झुंबरने निरोप धाडला, मंजू तिकडच्या यंत्रावर येत असेल तर मी येते. सर म्हणाले, "येईल, सांगा." कुंदाने तसं कळवलं. झुंबरने सासरी सांगितलं, बापाला बरं नाही, आणि ती आली.

समितीच्या दिवशी सर पहाटेच करंजखेड्याला गेले. तिकडची बाजू मी पाहतो, असं समितीला त्यांनी आधीच कळवलं होतं. इकडे लोणपिंप्रीत ओसरी सारवलेली, यंत्रावरचं फडकं काढलेलं. झुंबर नवं लुगडं नेसून केव्हाची समोर बसली होती.

"बाई, मंजू उनी व्हई ना?"

तेवढ्यात यंत्राशेजारचा फोन वाजला. सर बोलत होते. "मंजुळाला सासरहून पाठवलं नाही. कोणीच नाही आलं. मी बसतो इथे."

"सर, नको," कुंदा हळू आवाजात म्हणाली.

"याच तारेवर यंत्र जोडायचंय. ठेवतो."

दारात जीप थांबली. समितीतले वयस्कर गृहस्थ उतरले, मागोमाग दोघे. त्यांनी चपला काढल्या, आबांना नमस्कार केला. मंजू आली का, असं झुंबर पुन्हा विचारत होती आणि कुंदा पाहुण्यांसाठी सतरंजी सरळ करत होती.

यंत्र जोडलं गेलं. झुंबरने पदर खोचला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं : मंजू झुंबर बोलते. त्या दिशी रडू येतं लिहिलंस. आता बरं वाटतं का.

पडद्यावर उत्तर आलं : बरं आहे. झुंबरताई, तुमच्याकडे सरकीच्या बियाण्याचा भाव काय चालू आहे?

"वा," वयस्कर गृहस्थ म्हणाले. "थेट भावच विचारला की."

झुंबरने उत्तर दोनदा वाचलं. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग बारीक झाला. तिने लिहिलं : तू मला ताई कधीपासून म्हणतेस. तू कोण.

पडदा तसाच राहिला. ओसरीवर सगळे वाकून पाहत होते. कुंदाला वाटलं, तार तुटावी, वीज जावी. एरवी दिवसातून चारदा जाणारी वीज त्या दुपारी गेली नाही.

मग अक्षरं उमटली : मी जीवराम फिरके.

झुंबर वळली. "बाई, तुम्ही सांगं व्हतं, मंजू येई."

तिचा आवाज चढलाही नाही. वयस्कर गृहस्थ मागे सरून सतरंजीवर बसले. चहा आला, तो त्यांनी सगळा घेतला. जाताना ते कुंदाला म्हणाले, "तुमच्या सरांना सांगा, शेवटी खरं लिहिलंत, बरं केलंत." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. करंजखेड्याला जीप गेलीच नाही.

मान्यता मिळाली नाही. श्रावणात वरच्या मजल्यावरून टायपिंगचा खडखडाट ऐकू यायला लागला. सर पुन्हा पहिल्या वर्षाला हिशेब शिकवू लागले. कुंदाला ग्रंथालयात बसवलं. जिन्यात भेट झाली तर सर बाजूला होऊन वाट देत. एकदाच म्हणाले, "तिचं काही कळलं का?"

कळलं होतं. समिती आली त्याच आठवड्यात झुंबरच्या सासऱ्याला वना आबा पाचोऱ्याच्या बाजारात दिसले होते, डोक्यावर बियाण्याचं पोतं घेऊन, ठणठणीत. कुंदा झुंबरच्या सासरी गेली होती, चूक आमची आहे असं सांगायला. सासरे दारातच म्हणाले होते, "बाई, तुमची चूक तुमच्यापाशी. आमची सून खोटं बोलली, ते आमच्यापाशी." आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला नाही.

कुंदाने हे सरांना सांगितलं नाही. "बरी आहे," म्हणाली.

पुढच्या आखाजीला संस्थेने यंत्र परत मागवलं. कुंदाच गेली. निंबाला झोपाळे लागले होते, गौराईची गाणी चालली होती. पोरींनी तिला ओळखून हात केले. त्यांत झुंबर नव्हती. ओसरीवर यंत्र फडक्याखाली होतं. फडक्याच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. वर्षभरात पूजेच्या दिवशी कुणी ना कुणी लावलेली असावीत.

आबांची बायको खापरावर मांडे करत होती. कोनाड्यात करंजखेड्याहून आलेलं हिरव्या बांगड्यांचं न उघडलेलं पुडकं होतं.

आबांनीच यंत्र उचलायला हात लावला. जीपमध्ये ठेवल्यावर त्यांनी ते जरा आत सरकवलं, धक्का लागू नये म्हणून.

"बाई," ते म्हणाले, "हाऊ डब्बा आते तिना सासरले बसाडता येई का? तठे फोन शे."

"नाही, आबा. आता कुठेच नाही बसणार."

आबांनी मान हलवली. फडकं परत घ्यावं की असू द्यावं, ते त्यांना कळेना. थोडा वेळ टोक धरून उभे राहिले, मग सोडलं.