बिनआवाजाची गाडी

काचेच्या डबीतला काटा थरथरत होता... गाडीच्या पोटात किती वीज उरली ते या एवढ्याशा काट्यावरून ओळखायचं, असं गाडीचा सौदा जुळवणाऱ्या आप्पाने बजावलं होतं, त्यामुळे आत्मारामची नजर रस्त्यापेक्षा काट्यावरच जास्त. बाकी ओळखायला होतं तरी काय — ना धडधड, ना वास, ना मांडीखाली हादरे. शिरगावची घाटी जणू आपली आपण मागे सरकत होती.

संध्याकाळपर्यंत आप्पाला सांगायचं होतं. मुंबईच्या कुणा डॉक्टरीणबाईची ही बॅटरीची गाडी ठेवून घ्यायची आणि आपली जुनी पेट्रोलची केळशीच्या गिऱ्हाइकाला द्यायची, की उद्याच्या आगबोटीने ही परत. आप्पाची भाताची गिरणी आहे. तिथल्या इंजिनावर बॅटरी भरून द्यायला तो तयार. पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की पेट्रोलच्या डब्यांसाठी कोल्हापूरकडे डोळे लावून बसावं लागतं, ते टळेल हे खरं... पण बॅटरी चार-पाच वर्षांत म्हातारी होणार, आतल्या शिशाच्या पट्ट्या बदलायच्या म्हणजे अर्धी गाडीच पुन्हा विकत घेणं. आणि गिरणीचं इंजिन काय हवा खातं? तेल तेही पितंच. खाणारा रेडा तोच, फक्त दुसऱ्याच्या गोठ्यात बांधायचा. आप्पा मोठा बेरकी. काहीही घेतलं तरी दहा वर्षं निभावायला हवं, आणि दहा वर्षांनी चिमाचं लग्न होऊन — नाही. चिमा सहा वर्षांची असतानाच तापाने गेली, चार पावसाळे झाले. तरी पुढचा विचार करताना मन तिला मध्ये धरतंच.

घराच्या दगडी गडग्याशी गाडी थांबली ती त्याची त्यालाच कळली नाही. दारात सत्यवती नव्हती. एरवी मोटार घाटीच्या माथ्यावर वाजली की इकडे घर जागं होई. तो पोचेपर्यंत बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी, आत एकच पान वाढलेलं. या शिस्तीची फुशारकी तो बंदरावर मारत असे. आज घराला कुणी कळवलंच नव्हतं. थोडी गंमत करावी म्हणून तो मागीलदारी वळला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांपाशी त्याला बोलणं ऐकू आलं.

"काटे काढलेत गो सगळे. सावकाश जेव. बाबाची गाडी अजून वरती वाजली नाय."

सत्यवतीसमोर एक लहान पाट होता. पाटापुढे वाटीत पेज, बाजूला बांगड्याचा बारीक कुस्करलेला तुकडा. पाटावर अंधार होता, नुसता अंधार... सत्यवतीचा चेहरा मात्र उजळलेला, भरलेला. असा चेहरा त्याने चार वर्षांत पाहिला नव्हता. बायकोला वेड लागलंय असं मनात म्हणून पाहिलं, तेवढ्यात कुणीतरी पेज भुरकली. सत्यवतीचे दोन्ही हात मांडीवर होते.

हाक मारायला तो गजांशी वाकला आणि तसाच थबकला. खाकरलो, पाय वाजला, तर ती वाटी उचलील, पाट भिंतीला लावील, तांब्या घेऊन दारात येईल — रोजच्यासारखी. रोजच्यासारखी? म्हणजे रोज दुपारी मी घाटीवरून धडधडत उतरायचो आणि इथे कुणीतरी अर्ध्या जेवणावरून उठायचं... चार वर्षं मीच तिला उठवत होतो. माझीच पोर.

आता ही मुकी गाडी ठेवली तर तिचं जेवण पुरं होईल. पण मग मी रोज असाच बाहेर, या गजांपाशी. आणि जुनीच ठेवली तर माझं पान वाढलेलं असेल, पाट रिकामा असेल. आप्पाने दोन्ही गाड्यांचे सगळे खर्च सांगितले होते, त्यात हा कुठेच नव्हता.

आत पुन्हा भुरकल्याचा आवाज झाला, या वेळी घाईने, लहान पोरं पितात तसा. आत्मारामने वहाणा काढून हातात घेतल्या. त्याला कडकडून भूक लागली होती आणि आत जायचा धीर होत नव्हता.