चौकटीवरच्या खुणा

हवामान बदलाची गोष्ट लोकांच्या गळी कशी उतरवायची, यावर तिचं तीन वर्षं संशोधन चाललं होतं. आणि सख्ख्या बापाच्या गळी ती तसूभरही उतरत नव्हती. बाप सुतार. खाडीकाठचं घर त्यानं स्वतःच्या हातांनी उभं केलेलं. मोठ्या भरतीला पाणी उंबरा ओलांडून आत येई. फोनवर विचारलं तर म्हणे, "आलं होतं जरासं." टेकडीवर माझ्याकडे राहायला चला म्हटलं, की हा गृहस्थ रंध्याचं पातं परजत बसे.

त्या दुपारी तिनं संशोधनातले प्रश्न त्यालाच विचारायला घेतले. घरचं माणूस नियमात बसत नाही. तिनं कागदावर नुसतं 'क्रमांक बेचाळीस' लिहिलं आणि स्वतःच्या मनाची समजूत घातली. मग एकेक चित्र दाखवलं: चढता आलेख, वितळता बर्फ, लाल झालेला नकाशा. बाहेरच्या पाण्याचा उजेड छतावर हलत होता. खोलीच संथ डुलते आहे, असं तिला वाटत राहिलं.

"पाणी चढतंय याची काळजी किती वाटते? एक ते पाचात सांगा."

"एक."

"बाबा, नीट सांगा ना!"

"क्रमांक बेचाळीसला बाबा म्हणतात होय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्यांशी मोजूनमापून बोलणारी बाई सगळं शिक्षण विसरून ओरडली, "एक दिवस बुडाल इथे! मला भीती वाटते हो, बाबा!"

बाप उठून दाराशी गेला. चौकटीच्या डाव्या अंगाला तिच्या उंचीच्या खुणा होत्या, दर वाढदिवसाला पटाशीनं कोरलेल्या. उजवं अंग मात्र सदा उघड्या दाराआड झाकलेलं असे. त्यानं दार ओढून घेतलं. तिथेही खुणा होत्या, एकावर एक चढत गेलेल्या, प्रत्येकीशेजारी साल.

"पाण्याच्या," तो म्हणाला. "यंदा तुझ्या पहिल्या वाढदिवसाच्या खुणेला टेकलं. मला कळत नाही असं वाटलं तुला?"

"मग निघत का नाही?"

त्यानं डाव्या बाजूवरून हात फिरवला. "तुला इथे पाण्यात ठेवून कसा निघू?"

तिला रडू फुटलं. बेचाळीस माणसांना तिनं भीती किती वाटते ते विचारलं होतं. जीव कशात अडकलाय, हे एकालाही विचारलं नव्हतं. छतावरचा उजेड हळूहळू भिंतीवर उतरला.

"चौकट निघेल का हो?" तिनं विचारलं.

"मी बसवलीय. खुंट्या कुठे आहेत ते मला ठाऊक." तो हत्यारांची पेटी घेऊन आला. तासाभरानं लाकूड भिंतीपासून सुटलं.

"खालून धर," तो म्हणाला. "पहिल्या वाढदिवसापाशी."

तिनं धरलं. तिथलं लाकूड अजून ओलं होतं.