महत्त्वाच्या कॉललाच जाणारं नेट

आमच्या घरचं नेट माणूस बघून वागायचं. नणंदेशी तासभर गप्पा मारा, भाज्यांच्या रेसिपी बघा, काही तक्रार नाही. पण ऑफिसच्या साधना मॅडमचा कॉल आला रे आला की पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागायचं आणि मग ती मेली पाटी यायची: कनेक्शन टाइम आउट. मी लॅपटॉपला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्यात, त्या माझ्या माहेरी कळल्या तर घरात घेणार नाहीत.

कुरुळीत एका हार्डवेअरच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मी आणि माझा लॅपटॉप, आतल्या खोलीत स्वयंपाकघर, देवघर आणि माझ्या सासूबाई रुक्मिणीबाई. आम्ही मूळचे उदगीरकडचे, आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. नवरा गणराज चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. आणि मी, गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत घरबसल्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारी. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं कारखान्यात कंत्राटावर लाइनीला उभी राहून नट आवळले होते मी. त्यानंतर मिळालेली ही पहिली नोकरी, जिच्यात खुर्ची होती.

पण ती अजून माझी झाली नव्हती. चाचणीचे महिने चालू होते. साधना मॅडम माझ्या वरिष्ठ. त्यांनी मागच्या आठवड्यात सरळच सांगितलं, "वर्षाली, काम तुझं चांगलं आहे. पण दर मीटिंगला तू मध्येच गायब होतेस. गुरुवारच्या रिव्ह्यूला पुन्हा असं झालं तर मला तुला ऑफिसला बोलवावं लागेल." ऑफिस खराडीला. कुरुळीहून खराडी म्हणजे चाकणचं ट्रॅफिक धरून जाण्यातच अर्धा जन्म. ज्यांनी तो रस्ता सकाळी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ऑफिसला ये म्हणजे नोकरी सोड, एवढाच त्याचा अर्थ.

उपाय काय केले नाहीत ते विचारा. लॅपटॉप बंद करून चालू केला. नेटवर्क विसरायला लावलं, परत आठवायला लावलं. ड्रायव्हर नवे टाकले. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करावं, तर आमच्या खोलीत मोबाइलला रेंज घ्यायला गॅलरीच्या कोपऱ्यात एका पायावर उभं राहावं लागतं. सरळ वायर जोडावी, तर लॅपटॉप इतका सडपातळ की वायर लावायला भोकच नाही. गणराज त्याला काळेवाडीच्या एका रिपेअरवाल्याकडे घेऊन गेला. त्यानं आतलं वायफायचं कार्ड बदललं, दुकानात तास-दोन तास चालवून दाखवलं. घरी आणला, साधना मॅडमचा कॉल आला, टाइम आउट.

मग केबलवाला बाळू आला. गावातलाच पोरगा, आमच्या गल्लीतली सगळी कनेक्शनं त्याचीच. तो आत गेला, देवघराचं दार उघडून राउटरवरचे हिरवे दिवे बघितले, मोबाइलवर स्पीड मोजला आणि म्हणाला, "वहिनी, लाइन एक नंबर हाय. आमच्याकडनं काय बी न्हाई. तुमच्या लॅपटॉपातच खोट हाय." रिपेअरवाला म्हणत होता लाइनीत खोट आहे. मधल्या मधे मी.

राउटर देवघरात कसा, असं कुणी विचारेल. त्याचं असं, की आमच्या घरात रिकामा प्लग तिथंच होता. आणि आमचं देवघर म्हणजे साधी फळी नव्हे. गणराजनं भोसरीच्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये उरलेल्या स्टीलच्या पत्र्यातून ते स्वतः बनवलेलं. वर कळस, पुढे दोन दारं, दारांना कडी, मागून-खालून सगळीकडून पत्रा, आणि पॉलिश असं की तोंड दिसावं. गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला येतात. बाळूनं पहिल्यांदा राउटर हातात धरून "कुठं ठिवू?" विचारलं तेव्हा आत्याबाईच म्हणाल्या होत्या, "ठिव की देवापाशी." तेव्हापासून आमचा राउटर विठोबाच्या शेजारी, आणि दर शुक्रवारी त्यालाही हळदीकुंकू.

नोकरीच्या बाबतीत मात्र आत्याबाई कधी चांगलं-वाईट काही बोलल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "घरात बसून बोलूलालीस आन् त्येचा पगार देतेत?" त्यानंतर माझा कॉल सुरू झाला की त्या उठून आत जायच्या. माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मी दरवेळी सांगायचे, "आत्याबाई, महत्त्वाचा कॉल आहे, मिक्सर लावू नका," आणि त्या हूं की चूं न करता आत. मला वाटायचं, पटत नाही यांना. सुनेनं लॅपटॉपसमोर बसून हुकूम सोडायचे आणि सासूनं आवाज न करता भाकरी थापायच्या, कुठल्या सासूला पटेल? मी मनाची समजूत घातली होती, पण खुपत होतं.

बुधवारी रात्री जेवताना गणराजनं कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून भिंतीला लावलं. त्यांच्या कंपनीत मशीन बंद पडली की 'का-का' करतात. म्हणजे बिघाड का झाला, तर अमुक झालं म्हणून. ते का झालं? तमुक म्हणून. असं पाच वेळा 'का' विचारलं की म्हणे मूळ सापडतं. गणराजला त्यात कंपनीत बक्षीसही मिळालंय, स्टीलचा डबा.

"सांग, प्रॉब्लेम कधी येतो?" त्यानं मार्कर सरसावला.

"महत्त्वाच्या कॉललाच."

"तसं नाही चालत. यंत्राला महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं कळत नसतं."

"तुमच्या यंत्राला कळत नसेल. आमच्याला कळतं."

"का?"

"माझ्या नशिबाला विचारा."

पहिल्याच 'का'ला गाडी अडली. आत्याबाई कोपऱ्यात बसून शेंगा निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. गणराजनं मार्करला टोपण लावलं आणि तो म्हणाला, "फॉल्ट कागदावर सापडत नसतो. चालू मशीनपाशी उभं राहायला पाहिजे. उद्या माझी सेकंड शिफ्ट आहे, सकाळी मी घरीच. रिव्ह्यूच्या आधी एक ट्रायल घेऊ. पण खरा कॉल असल्यासारखं वागायचं. नेहमी करतेस ते सगळं करायचं, काही सोडायचं नाही."

गुरुवारी सकाळी मी साधना मॅडमच्या कॉलला घालते तसा कुर्ता घातला, केस बांधले, खुर्चीत बसले. मे महिना, पंखा पाचावर. सांगवीला राहणाऱ्या नणंदेला, करिष्माला, व्हिडिओ कॉल लावला. तिला सांगून ठेवलं होतं, तू मॅडम आहेस, बोलत राहा. आणि नेहमीसारखं आतल्या दिशेनं ओरडले, "आत्याबाई, महत्त्वाचा कॉल आहे, मिक्सर लावू नका!"

गणराज दोन खोल्यांमधल्या चौकटीत हाताची घडी घालून उभा. करिष्माला बोलत राहा म्हणून सांगायची गरजच नसते. ती शेजारणीच्या मुलाच्या लग्नातल्या जेवणावर आली, "आणि मठ्ठा तर इतका" म्हणाली, आणि तोंड उघडं ठेवून थिजली. चक्र फिरायला लागलं.

"गेलं!" मी किंचाळले. "बघा, गेलं!"

गणराज माझ्याकडे बघतच नव्हता. तो आत बघत होता. आत काहीतरी उघडल्याचा आवाज झाला आणि करिष्मा जिवंत झाली, "पातळ होता की विचारू नको."

"वर्षाली, इकडे ये," गणराज म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

मी लॅपटॉप हातात घेऊनच गेले. आत्याबाई देवघरासमोर हात जोडून उभ्या होत्या. आत समई पेटवलेली. गणराजनं देवघराची दोन्ही दारं लावली, कडी घातली. करिष्मा थिजली. दारं उघडली. करिष्मा बोलायला लागली. त्यानं परत लावली. परत थिजली. बिचारी सांगवीत बसून विचारत होती, "अगं, मला काय करायचंय नक्की? हसू का नको?"

"सगळीकडून पत्रा," गणराज हळूच म्हणाला. "दार लावलं की सिग्नल बाहेरच येत नाही. मीच बनवलं हे. मीच." बक्षीस मिळालेल्या माणसाचं तोंड एवढं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दुसरी वेळ असती तर मी पोट धरून हसले असते. बाळूनंही आधी देवघराचं दार उघडलं आणि मग म्हणाला, लाइन एक नंबर!

पण मला वेगळंच कळत नव्हतं. "आत्याबाई, दार का लावता तुम्ही?"

त्या गोंधळल्या. पदर सावरून म्हणाल्या, "तूच म्हनतीस की महत्त्वाचं हाय म्हनून. तवा मी दिवा लावते तुज्यासाठी. तुज्या पंख्याचं वारं हितवर येतंय, दिवा फडफडतंय. मधीच मालवला तर बरं न्हाई. म्हनून दार लावून घेते. तुजं बोलनं थांबलं की उघडते."

कॉल तुटला की माझं बोलणं थांबायचं. बोलणं थांबलं की त्या दार उघडायच्या. आणि मी राउटर बघायला आत येईपर्यंत सगळे दिवे हिरवे.

इतके दिवस मी समजत होते की या रागानं उठून जातात, आणि या माझ्यासाठी देवापुढे उभ्या राहायच्या. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याच क्षणी इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं ते मलाही सांगता येणार नाही.

आत्याबाईंना मात्र हळूहळू उमगत होतं. त्यांनी एकदा दाराकडे, एकदा लॅपटॉपकडे बघितलं. "म्हंजी मीच तुजं बोलनं तोडत व्हते व्हय गं? माज्याच हातानं?" आणि त्या खाली बसल्या.

"वहिनी, मी ठेवू का फोन?" करिष्मानं विचारलं. कुणाच्याच लक्षात नव्हतं ती अजून आहे ते.

रिव्ह्यूला थोडाच वेळ उरला होता. गणराज राउटर बाहेर काढायला निघाला, पण बाळूनं ती काचेची बारीक तार पत्र्याच्या भोकातून आणून आत पक्की चिकटवलेली. ओढली तर तुटेल आणि मग उरलंसुरलंही जाईल. बाळूला फोन केला, तो म्हणाला संध्याकाळी येतो. तोपर्यंत एकच गोष्ट करायची, दार उघडं ठेवायचं. सोपं होतं.

आत्याबाईंनी हात पुढे केला. समई शांत करायला निघाल्या होत्या. "न्हाई लावत आता. तुजं काम होऊ दे नीट."

"राहू द्या," मी म्हणाले. "आज तर पाहिजेच. दार उघडं ठेवा. पंखा मी बंद करते."

"येड लागलंय का? उकडून मरशील."

"मरत नाही."

मी जाऊन पंख्याचं बटण बंद केलं आणि लॅपटॉपसमोर बसले. मे महिन्यातली आमची खोली, वर तापलेला स्लॅब, खाली हार्डवेअरचं दुकान. साधना मॅडम पडद्यावर आल्या तोवर माझ्या कपाळावरून पाणी गळायला लागलं होतं. चौकटीत गणराज घामानं भिजून उभा, आत आत्याबाई, आणि आमच्या मधल्या हवेत पानही हलत नव्हतं. मॅडमनी आकडे विचारले, मी सांगितले. एका चिडक्या ग्राहकाला कसं समजावलंस विचारलं, तेही सांगितलं. नेट एकदाही हललं नाही.

शेवटी त्यांनी चष्मा सारखा करून माझ्याकडे नीट बघितलं. "वर्षाली, तब्येत बरी आहे ना? किती घामाघूम झालीस. लाइट गेली का?"

खोटं बोलता आलं असतं. पण तोंडातून खरंच बाहेर पडलं. "नाही मॅडम. माझ्या सासूबाईंनी माझ्यासाठी देवापुढे दिवा लावलाय. पंख्यानं मालवेल म्हणून बंद केलाय."

पलीकडून काही आवाज आला नाही. मॅडमचा चेहरा पडद्यावर तसाच, हलत नव्हता. गेलं, आता शेवटच्या क्षणाला गेलं. मी चौकटीकडे बघितलं, गणराजनं आत बघून अंगठा वर केला, दार उघडंच आहे. कोपऱ्यातली सिग्नलची खूण बघितली, पूर्ण. नेट होतं. मॅडमच गप्प होत्या.

मग त्यांनी घसा साफ केला. "पुढच्या महिन्यापासून तू कायम. घरूनच काम कर. आणि आता तो पंखा लाव बाई, मला बघवत नाही."

कॉल संपला. माझं बोलणं थांबलं तशा आत्याबाई चौकटीत आल्या. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, माझ्या तोंडावरच दिसत असणार. मी उठून त्यांच्या पाया पडले, तर त्यांनी पदरानं माझं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "लाव की आता पंखा."

"तेल आहे अजून समईत," मी म्हणाले.

आम्ही तिघं तिथंच फरशीवर बसलो, घाम पुसत, आणि तेल संपून दिवा आपणहून शांत होईपर्यंत पंख्याच्या बटणाला कुणी हात लावला नाही.