घासाघीस

“बरं, पहिल्या तारखेपासून वाढवून देते,” असं म्हणत सिस्टरनं शिवायला टाकलेले आपले गणवेश उचलले आणि ती वर आपल्या खोलीत निघून गेली.

टेलरबाई मशीनवर पाय तसाच ठेवून बसून राहिल्या. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीला भाडेवाढ कशी सांगावी, याची त्यांनी आठवडाभर उजळणी केली होती. रेडिमेड कपड्यांनी धंदा बसवलाय, पाणीपट्टी वाढलीय, सगळं सांगायचं होतं. सिस्टरनं सांगूच दिलं नाही. बटणांच्या साध्या पुडीसाठी दुकानदाराच्या नाकी नऊ आणणारी बाई ही.

“काहीतरी काळंबेरं आहे, आई,” सून म्हणाली. “एवढ्या पगारात कुणी असं हो म्हणतं का?”

“गप्प बस. माझी मैत्रीण आहे ती.”

पण शंका एकदा डोक्यात शिरली की शिरली. त्यात टेलरबाई कानकोंड्या होऊन वर जाईनाशा झाल्या, त्यामुळे विचारायचीही सोय उरली नाही. वर काही सरकवल्याचा आवाज आला की यांचा कान छताकडे. एका दुपारी सिस्टर ड्युटीवर गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली, तरी वर कुणीतरी चालत होतं. दाराशी अनोळखी चपला होत्या. या वयात हे काय? आपल्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात हिनंच उशाशी बसून रात्री काढल्या होत्या, आणि आपण हिच्यावर पाळत ठेवतोय, याची त्यांना लाज वाटली. पाळत मात्र थांबली नाही.

रविवारी भिंतीला ओल आलीय का बघते, असं निमित्त काढून त्या वर गेल्याच.

सिस्टरनं दार उघडलं. मागे पलंगावर एक तरुण मुलगी छातीवर पुस्तक ठेवून झोपली होती.

“न विचारता पोटभाडेकरू ठेवलीस?” टेलरबाईंचा आवाज चढला.

“हळू बोल, रात्रपाळी करून आलीय. आमच्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकते. वाढलेलं भाडं ती देते. सांगणारच होते, पण तू वर यायचीच थांबलीस.”

“परवडत नाही म्हणाली असतीस, तर कमी केलं असतं मी.”

“तुझ्याशी घासाघीस करू?” सिस्टर म्हणाली. “तुला बोलतानाच किती जड जात होतं.”

टेलरबाईंनी पलंगाकडे पुन्हा पाहिलं. तो खिडकीपाशी होता. रोज संध्याकाळी दोघी तिथेच खुर्च्या टाकून बसायच्या. एकीनं सुनेच्या कागाळ्या करायच्या, दुसरीनं मेट्रनच्या.

“घरात तेवढीच जागा निघण्यासारखी होती गं,” सिस्टर म्हणाली. मग बाजूला होऊन तिनं वाट दिली. “ओल ना? बघ की.”

मुलीची झोप मोडू नये म्हणून टेलरबाई चवड्यांवर चालत आत गेल्या आणि कोरड्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.