इनासचा घोटा

मबरूकानं मटाराची परात मांडीवरून खाली ठेवली आणि दार उघडलं. दारात लुत्फी उभा होता, गावातल्या मुलींना हँडबॉल शिकवणारा. हेल्मेट काखेत होतं.

"या, सी लुत्फी. कॉफी टाकते."

"नको, लल्ला मबरूका. उभ्या उभ्याच आलोय. इनासचा घोटा कसा आहे, तेवढं विचारायचं होतं. शनिवारी मोक्नीनच्या मुलींशी गाठ आहे आणि आमचा गोल उघडा पडलाय."

मबरूकाचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. थोड्या वेळापूर्वीच इनास खांद्याला बॅग अडकवून, दोन-दोन पायऱ्या उड्या मारत सरावाला म्हणून गेली होती.

"सूज उतरलीय," ती म्हणाली. "पण अजून जपावं लागतंय."

लुत्फी मान डोलावून निघून गेला. आपण असं का बोललो, हे तिला कळेना. लेकीची बाजू तिच्या तोंडानं परस्पर घेऊन टाकली होती.

तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि बाहेर पडली. पोरगा असेल कुणीतरी, दुसरं काय. पंधरा वर्षांची पोर आईला फसवते ती कशासाठी? बाजार झाला, शाळेमागची गल्ली झाली. तिथल्या कॅफेत नुसते बाप्येच पत्ते कुटत बसले होते. मग ती बुरुजाला वळसा घालून समुद्राकडे उतरली.

कबरस्तानाखालच्या खडकांवर इनास आडवी पडली होती. डोक्याखाली बॅग, पाय पाण्यात. शेजारी तिची शाळेतली मैत्रीण शैमा सूर्यफुलाच्या बिया सोलत काहीतरी सांगत होती. पोरगाबिरगा कुणी नव्हता. इनास हसत होती, पोट धरून, शिंगरासारखी खिंकाळत. हे हसू मबरूकानं घरात शेवटचं कधी ऐकलं होतं, ते तिला आठवेना.

शैमाचं लक्ष आधी गेलं. ती गडबडीनं उठली, काहीतरी पुटपुटली आणि सटकली. इनास उठून बसली.

"सी लुत्फी आला होता," मबरूका म्हणाली. "तुझ्या घोट्याची चौकशी करायला."

इनासनं पाय पाण्यातून वर घेतले.

"काय करता इथं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही, उम्मी. शाळा झाली की शिकवणी, शिकवणी झाली की सराव. इथं कुणी शिट्टी फुंकत नाही."

"अगं, पण खेळ आवडतो ना तुला?"

"मला चेंडूची भीती वाटते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मबरूका खडकावर टेकली. तीही शाळेत असताना गोलमध्ये उभी राहायची. अर्ध्या चड्डीत तिला मोठ्या भावाच्या मित्रांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशीपासून तिचं खेळणं बंद झालं. इनास जरा उंच झाल्याबरोबर मबरूकानंच तिला हाताला धरून हॉलवर नेलं होतं.

"मग सोडते म्हणायचं होतंस. मी काय तुला खाल्लं असतं?"

इनास नखानं खडकावरचं मीठ खरवडत राहिली.

"सोडलं तर शनिवारी तू कुठे जाशील?"

"मी? मला कुठे जायचंय? घरात कामं काय कमी आहेत?"

"तेच ना. चेंडू माझ्याकडे येतो, आणि गॅलरीत हात तुझे आधी उठतात. मी बघते की गोलमधून. घरी येईपर्यंत तू बोलत असतेस. बाबा म्हणतात, हिला आता कुणीतरी गप्प करा." ती थांबली. "रविवारी परत गप्प होतेस."

मबरूकानं चपला काढल्या.

"सरक जरा."

दोघी पाण्यात पाय सोडून बसल्या. मबरूकाला नुसतं बसणं काही जमेना. तिनं शैमानं टाकलेली टरफलं गोळा करायला घेतली.

"उम्मी."

"काय?"

"काही करू नकोस."

तिनं टरफलं हातातून सोडून दिली. उन्हं उतरेपर्यंत दोघी तिथं होत्या. घरी पोचल्यावर इनासच्या बाबांनी विचारलं, इतका उशीर? मबरूका म्हणाली, आज सराव लांबला.

शुक्रवारी मासळीबाजारात लुत्फी सार्डिनच्या ढिगापुढे उभा होता. मबरूका स्वतःच त्याच्यापाशी गेली.

"घोट्याला काही झालेलं नाही, सी लुत्फी. मी खोटं बोलले. इनास आता यायची नाही."

"कुणी काही बोललं का तिला?"

"नाही. तिला दुपार मोकळी हवीय."

लुत्फीनं हातातला मासा ढिगावर परत ठेवला. "चांगली पोर होती हो गोलमध्ये."

"मलाही तसंच वाटायचं."

ती निघाली. लिंबांच्या गाडीपर्यंत गेली आणि माघारी वळली.

"बुधवारी छोट्या मुली येतात ना तुमच्याकडे, त्यांच्या गोलमध्ये कोण उभं राहतं?"

"कुणी नाही. मोठ्या मुली कंटाळा करतात. रिकाम्या जाळ्यात मारतात बिचाऱ्या."

"रिकाम्या जाळ्यात मारून नेम कसा बसणार?"

मासेवाला विचारत होता, किती तोलू? लुत्फीनं त्याला हातानं थांबवलं आणि मबरूकाकडे जरा वेळ पाहिलं.

"पायांत मऊ तळव्याचं काहीतरी घालून या," तो म्हणाला. "त्या लाकडी जमिनीवर चपला घसरतात."

"माहीत आहे," मबरूका म्हणाली.